चिंचेच्या पाण्यातला घोडेस्वार

दर लक्ष्मीपूजनाला आमच्या चौरंगावर अकरा छोटी नाणी असतात. नखाएवढी, गुलाबीसर, लखलखीत. येणारेजाणारे म्हणतात, किती छान ठेवलीत हो, नवीनच वाटतात. मी हो म्हणते आणि प्रसादाची वाटी पुढे करते.

ती नवीन नाहीत. सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीची आहेत, रोमन बादशहांच्या काळातली. त्यांच्यावर चेहरे होते, घोडे होते, भाले होते. आता काही नाही. ते मी घालवलं. घरात हे कुणालाच माहीत नाही. बाहेरच्या एका माणसाला कळलं, आणि त्यानं आमच्याकडे येणं सोडलं.

नाणी माझ्या सासऱ्यांची. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. बँकेच्या नोकरीत त्यांची तीन वर्षं मदुरैला बदली झाली होती. तिथे नदीच्या वाळूतून धातूचे तुकडे वेचून विकणारा एक म्हातारा त्यांना भेटला. त्याच्या डबड्यात खिळे, तुटकी कडी आणि ही हिरवी चिल्लर एकत्र होती. नानांनी अकरा निवडून घेतली आणि पुढची चाळीस वर्षं ती ओळखण्यात घालवली. ही रोमची नाणी मदुरैला कशी, असं लग्नानंतर मी एकदाच विचारलं होतं. नाना म्हणाले, "मिरी घ्यायला आले होते. मिरी घेऊन गेले, सुट्टे पैसे विसरले."

मला त्या नाण्यांत फारसा रस नव्हता. नाना सांगायचे, मी मेथी निवडता निवडता हं-हं करायची. तरी थोडं कानावर राहिलंच. एका बाजूला बादशहाचं डोकं, त्यावर मोत्यांची पट्टी. "नाक बघ, अगदी तुझ्या मामेसासऱ्यांचं," म्हणायचे. दुसऱ्या बाजूला चित्र. कुठे दोन शिपाई झेंडे धरून उभे, कुठे पंखवाली देवी एका कैद्याला केस धरून ओढतेय. ती विजयाची देवी. नाना सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "ही आपल्याकडे स्वैपाकघरात असते." सासूबाई आतून भांडं आपटायच्या.

त्यांचं सगळ्यात लाडकं नाणं घोडेस्वाराचं. एक रोमन शिपाई पायी उभा आहे आणि भाला खुपसतोय. समोर घोडा गुडघ्यांवर कोसळलाय आणि त्याच्यावरचा स्वार घसरतोय. आमचं घराणं होळकरांच्या पागेतलं. नातेवाईक लग्नाकार्यात सांगतात की मूळ पुरुष सरदार होता, अमुक लढाईत तलवार गाजवली. नाना हसायचे. "सरदार कसला. पागेत होता. घोड्यावरून पडला म्हणून वाचला, वाचला म्हणून आपण आहोत." मग ते नाणं दाखवायचे. हा उभा आहे तो नाही, हा पडलाय तो आपला.

सत्तरीनंतर काचबिंदूनं त्यांची नजर गेली. चारपाच वर्षांत पूर्णच. शेवटी शेवटी खिडकीचा उजेड तेवढा कळायचा, मग तोही नाही. चष्म्याचं काम उरलं नाही, तेव्हा चष्म्याच्या डबीत त्यांनी नाणी ठेवली. राजेंद्र नगरच्या आमच्या घराला पुढे छोटा व्हरांडा आहे. सकाळी चहा झाला की तिथे बसायचे, डबी मांडीवर. एकेक नाणं काढून अंगठ्यानं चोळायचे. चोळणं नव्हेच ते, वाचणं होतं. नखाएवढ्या झिजल्या तुकड्यावर अंगठा फिरवून सांगायचे, हे दोन शिपायांचं, ही देवी, हा आपला माणूस.

दर रविवारी त्यांचे एक मित्र यायचे. सियागंजमध्ये त्यांचं हार्डवेअरचं दुकान, नानांपेक्षा वीस वर्षांनी लहान, नाण्यांचं तेच वेड. नाना त्यांना भिया म्हणायचे. ते शेवेचा पुडा आणि भिंग घेऊन यायचे. एखादं आपलं नवीन नाणं नानांच्या हातात ठेवायचे, नाना अंगठ्यानं सांगायचे, आणि ते भिंगातून पडताळायचे.

"नाना, ये अंगूठा है कि एक्स-रे?"

"रिटायर आदमी का अंगूठा है भिया. इसको दूसरा काम क्या?"

नानांची बोटं नुसती नाण्यांपुरती नव्हती. हिवाळ्यात पाच-पाच किलो मटार सोलून द्यायचे, किडका दाणा बोटाला बरोबर कळायचा. शर्टाची बटणं स्वतः लावायचे. आणि माणसं हातावरून ओळखायचे. माझ्या डाव्या अंगठ्याखाली विळीनं कापल्याचा जुना वण आहे. पाण्याचा ग्लास दिला की त्यांचं बोट तिथे लागायचं आणि ते म्हणायचे, "सूनबाई." मी तोंडही उघडलेलं नसायचं.

सासूबाई गेल्या त्या वर्षी सण झाले नाहीत. पुढच्या वर्षीची दिवाळी मी एकटीनं करायची पहिलीच. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी नाना म्हणाले, "या वर्षी माझी नाणीही ठेव पूजेत." सासूबाईंनी कधी ठेवू दिली नव्हती. मेलेल्या परक्यांचे पैसे लक्ष्मीपुढे नकोत, असं त्यांचं म्हणणं. मी हो म्हटलं.

आमच्याकडे पूजेत मळकं काही जात नाही. चांदीचे रुपये, समई, तबक, सगळं आदल्या दुपारी चिंच-मिठानं घासायचं. आणि ही नाणी तर हिरवी, काळी, कडेला माती धरलेली. मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकते. इतकी वर्षं मनाशी तेच म्हणत आले. पण नानांनी माझ्यादेखत शंभर वेळा सांगितलं होतं की यांना धुवायचं नसतं. मी ऐकलं होतं. मला वाटलं, म्हातारपणाचं सोवळं. आणि खरं सांगायचं तर थोडा रागही होता. त्यांच्या सोफ्याच्या पांढऱ्या अभ्र्यावर त्या नाण्यांची हिरवी भुकटी पडायची, आणि अभ्रे मी धुवायची.

नाना दुपारी झोपले होते. मी डबी उचलली, अकराही नाणी चिंचेच्या पाण्यात टाकली, वर मूठभर मीठ. तासाभरानं बघितलं तर हिरवं थोडं सुटलं होतं, थोडं चिकटून होतं. कोड फुटल्यासारखी दिसत होती. आधीपेक्षा वाईट. तिथे थांबले असते तरी काही उरलं असतं कदाचित. मी बाथरूम धुवायचं ॲसिड आणलं, प्लॅस्टिकच्या मगात एक झाकण ओतलं. फेस आला. मग तारेच्या घासणीनं एकेक घासलं. मगाच्या तळाशी हिरवा-तपकिरी गाळ बसला, तो मोरीत ओतून वर दोन तांबे पाणी टाकलं.

नाणी अगदी गुलाबी निघाली, नुकत्या जन्मलेल्या पोरासारखी. मला ती आवडली. हेही लिहायलाच हवं. चित्र गेलंय हे मला तेव्हा दिसलंच नाही, कारण चित्र मी कधी धड बघितलंच नव्हतं.

पूजा झाली. दुसऱ्या दिवशी पाडवा. सकाळी नानांनी डबी मागितली. मी व्हरांड्यात पोह्यांची बशी घेऊन गेले तेव्हा त्यांनी पहिलं नाणं काढलं होतं. अंगठा फिरवला, ठेवलं. दुसरं काढलं, ठेवलं. तिसरं. मग एक नाकाशी नेलं.

"चिंचेचा वास येतोय."

"समई घासली ना नाना परवा. माझ्या हातांचा असेल."

त्यांनी सगळी अकरा पाहिली. मग एक माझ्यापुढे धरलं. "बेटा, जरा बघ. यावर घोडा आहे ना?"

मी नाणं हातात घेतलं. उजेडात धरलं. खड्डे पडलेला एक तांब्याचा चपटा तुकडा. तेव्हा मला कळलं.

"आहे ना," मी म्हटलं.

"आणि स्वार?"

"तोही आहे."

त्यांनी ते परत घेतलं. मग नाणं डबीत ठेवलं, झाकण लावलं आणि दोन्ही तळवे मांडीवर पालथे ठेवले. "मग माझी बोटं गेली," म्हणाले.

त्यांना साखरेचा त्रास होता. दोन वर्षांपासून तळपाय बधिर होते, चप्पल सुटली तरी कळायचं नाही. हे वर चढू शकतं असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे त्यांना ते लगेच पटलं. तिथे, त्या क्षणी, मी एक वाक्य बोलायचं होतं. नाना, तुमची बोटं ठीक आहेत, मी नाणी घासली. एवढंच. गॅसवर दूध होतं, पाडव्याला नणंद येणार होती. ही कारणं नव्हेत. कारण हे की सासूबाई चारचौघांत म्हणायच्या, "हिचे हात चालतात, डोकं नाही चालत," आणि नाना दर वेळी म्हणायचे, असं बोलू नको. मला त्यांच्या तोंडून ते ऐकायचं नव्हतं. ते म्हणालेही नसते. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात मी मटार त्यांच्यापुढे ठेवले तर त्यांनी परात सरकवली. "किडका जाईल बोटांतून. तूच कर." मग बटणं सोडली, नवऱ्याला सांगून गळ्यातून घालायचे बनियन-कुर्ते आणवले. फाटकापर्यंत भिंतीला हात लावून जायचे, तेही सोडलं. भिंत लागतेय की नाही याचा भरवसा नाही म्हणाले. भिंत त्यांना लागत होती. त्यांची बोटं शाबूत होती, फक्त त्यांनी त्यांचं ऐकणं सोडलं होतं. पाण्याचा ग्लास दिला की विचारायचे, "कोण?"

डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. डॉक्टरांनी एक बारीक ताठ धागा बोटांच्या टोकांना लावून बघितला. लागलं की सांगा, म्हणाले. नाना दर वेळी बरोबर सांगत होते. पायांचं काम बिघडलंय, हात अगदी उत्तम, असं डॉक्टर म्हणाले. परतताना रिक्षात नाना बोटांची टोकं एकमेकांवर घासत होते. राजवाड्याच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा म्हणाले, "डॉक्टर म्हणतात हात ठीक आहेत."

मी म्हटलं, "घाईत होते ते नाना. बाहेर केवढी लाइन होती."

पहिल्यांदा बोलले ते घाबरून. हे मी विचार करून बोलले.

भिया दिवाळीच्या गडबडीत दोन रविवार आले नव्हते. तिसऱ्या रविवारी आले. मी पाणी घेऊन गेले तेव्हा डबी त्यांच्या हातात उघडी होती. त्यांनी नाण्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. भिंग त्यांच्या खिशाला लटकत होतं.

नाना म्हणाले, "भिया, तू देख के बता. घुड़सवार दिख रहा है?"

भियांनी भिंग हळूच खिशात सारलं. मग म्हणाले, "नाना, लेंस दुकान पे छूट गया आज."

जाताना ते फाटकाशी थांबले. मला वाटलं रागावतील. ते रागावले नाहीत, हळू आवाजात समजावल्यासारखं बोलले. इतक्या जुन्या, जमिनीत मुरलेल्या नाण्यावर चित्र तांब्यावर उरलेलंच नसतं, ते त्या हिरव्या थरात असतं. थर गेला की सगळं गेलं. मी मळ म्हणून जे मोरीत ओतलं तेच ते चित्र होतं.

"भाभीजी, उनको बता दो," ते म्हणाले. "अंगूठा सही है उनका."

मी सांगते म्हटलं. पुढच्या शनिवारी त्यांचा फोन आला, बताया? मी नाही म्हटलं. म्हणाले, मग मी नाही येत, मला त्यांच्यासमोर दुसऱ्यांदा खोटं बोलता येणार नाही. त्यांनी स्वतःही सांगितलं नाही. ते माझ्यावर सोडलं. त्यानंतर रविवारी व्हरांड्यातली दुसरी खुर्ची रिकामी राहिली. नाना दोनतीन आठवडे फाटकाच्या आवाजाकडे कान लावून बसायचे. मग एक दिवस म्हणाले, "त्यालाही कंटाळा आला असेल. अंगठाच गेला, आता आमच्यात दाखवण्यासारखं काय आहे."

त्या रविवारी मी जाऊन त्या खुर्चीत बसले. म्हटलं, नाना, मी सांगते काय दिसतंय ते. त्यांचा चेहरा एवढा खुलला की मला उठून जावंसं वाटलं. मग दर रविवारी ते सुरू झालं. ते डबीतून एक नाणं काढून देणार, मी ते कोरं तांबं हातात धरणार आणि सांगणार. मेथी निवडताना कानावर पडलेलं सगळं मी जुळवून जुळवून सांगायची. मोत्यांची पट्टी. दोन शिपाई. पंखवाली देवी. ते मान हलवायचे. कोणत्या नाण्याला काय म्हणायचं हेही मी माझ्या मनानं ठरवायची, कारण सगळी सारखीच झाली होती. नाना कधी कड चाचपून म्हणायचे, "मागच्या वेळी हे देवीचं म्हणाली होतीस." मग स्वतःच, "नाही, मीच विसरलो असेन."

एकदा त्यांनी घोडेस्वाराबद्दल विचारलं. "त्याचा हात कुठे आहे गं?"

हे कधी कानावर पडलं नव्हतं. पडणारा माणूस काय करेल, असा मी विचार केला. काहीतरी धरेल. "घोड्याच्या मानेला मिठी मारलीय," मी म्हटलं.

"मानेला?" नाना थोडे पुढे झुकले. "मला तर वर लागायचा. मागे वळून वर केलेला."

"नाही नाना. मानेलाच आहे."

तेव्हा बदलता आलं असतं. हो हो, वरच आहे, उजेड कमी होता, असं. पण एकदा बदललं तर मी बघतच नाहीये हे कळेल, या भीतीनं मी अडून बसले.

नाना मागे टेकले. "म्हणजे इतकी वर्षं चुकीचंच वाचत होतो." जरा वेळानं म्हणाले, "मला वाटायचं, आपला माणूस वाचला तो त्या हातामुळे. पडल्यावर त्यानं हात वर केला असेल, म्हणून समोरच्यानं भाला आवरला असेल. हे कुणाला सांगितलं नव्हतं. शरण गेला म्हटलं तर तुझा नवरा चिडेल." ते हसले. "पण हात मानेलाच होता म्हणतेस. मग कसा वाचला कोण जाणे."

त्यानंतर त्यांनी घोडेस्वाराचं नाणं मागितलं नाही. डबी मागणंही हळूहळू कमी झालं.

शेवटचे अकरा दिवस ते हॉस्पिटलमध्ये होते. बोलणं तुटक झालं होतं, पण शुद्ध होती. दुपारची पाळी माझी असायची. मी त्यांच्या पलंगाशी बसून त्यांचा हात हातात घ्यायची. एका दुपारी त्यांचा अंगठा माझ्या हातावर हळूहळू सरकत गेला आणि त्या विळीच्या वणावर थांबला. तिथेच फिरत राहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोनदा, तीनदा. त्यांना कळलं होतं. मला त्यांच्या अंगठ्यातून कळत होतं की त्यांना कळलंय.

"कोण?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मी, सूनबाई.

"हो का," म्हणाले. "मला वाटलंच होतं. पण बोटांचं काही सांगता येत नाही आता."

तेव्हाही सांगितलं नाही. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सलाइन संपत आली होती, मी नर्सला बोलवायला उठले.

तेराव्याला भिया आले. पांढरा कुर्ता घालून मागच्या रांगेत बसले. नवऱ्यानं त्यांना विचारलं, इतके दिवस कुठे होतात, नाना आठवण काढायचे. त्यांनी दुकानाचं काही कारण सांगितलं. माझ्याकडे बघितलं नाही. फाटकाशी कुणी नसताना मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, नाही सांगितलं. ते म्हणाले, "मालूम है भाभी." आणि स्कूटरला किक मारली.

यंदाच्या हिवाळ्यात शहरात एका हॉलमध्ये जुन्या नाण्यांचं प्रदर्शन होतं. मी एकटी गेले, घरी भाजीला जाते म्हणून सांगितलं. एका टेबलावर दक्षिणेकडच्या एका माणसाकडे छोटी हिरवी रोमन नाणी होती. मी घोडेस्वाराचं आहे का विचारलं. त्यानं चारपाच चाळून एक काढलं आणि भिंगासकट माझ्यापुढे ठेवलं. मला वाटलं होतं तेवढं ते स्पष्ट नव्हतं. आधी नुसते उंचवटे दिसले. मग घोड्याची वाकलेली मान. मग भाला. मग तो स्वार, कमरेत मागे वळलेला, शिपायाकडे तोंड केलेला. आणि त्याचा हात वर होता. पूर्ण वर, पंजा उघडा.

मी भिंग ठेवलं, डोळे मिटले आणि अंगठा फिरवून बघितला. काही कळलं नाही. नुसतं खरखरीत. परत फिरवला. घोडा नाही, माणूस नाही, हात तर नाहीच. नानांना हे सगळं लागत होतं.

त्या माणसानं विचारलं, "मैडम, लेंगी?"

मी नाही म्हटलं आणि नाणं त्याच्या कापडावर होतं तिथे ठेवलं. अंगठ्याला हिरवी भुकटी लागली होती. येताना खरंच भाजी घेतली. घरी आल्यावर हात धुवायच्या आधी नवऱ्याला व्हरांड्यात बोलावलं, चष्म्याची डबी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, बस, नानांचं एक सांगायचंय. शेजारचं कुणीतरी आलं, तेवढ्यावर ते राहिलं. म्हणून आता लिहून ठेवतेय. डबी अजून तिथेच टेबलावर आहे. तो वाचेल तेव्हा वाचेल.